मफलरच्या एकोणीस गाठी

पार्लरमध्ये हातात कात्री धरून मला अकरा वर्षं झाली. कुरळी, सरळ, तेलकट, रंगवून वाया घालवलेली... किती डोकी या हातांखालून गेली, पण केसांनी मला कधी हरवलं नव्हतं. म्हणून त्या शुक्रवारी जनावरांच्या दवाखान्यात, मांडीवर कपड्यांची टोपली आणि टोपलीत ओलाचिंब ससा घेऊन बसले होते, तेव्हा मला रडू कमी आणि राग जास्त येत होता.

ससा आजोबांचा. नाव मफलर, कारण तो आहेच तसा, नुसती लोकर. तोंड कुठल्या बाजूला आहे हे कळायला नवख्या माणसाला थोडा वेळ लागतो. आजोबांना आता फक्त सावल्या दिसतात, पण रोज संध्याकाळी ते त्याला मांडीवर घेऊन अर्धा तास विंचरायचे. मग एक दिवस ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर चालायचा व्यायाम करून घेतात तिथे त्यांना ठेवलं आणि मफलर माझ्या गळ्यात पडला. रोज फोनवर आजोबांचा एकच प्रश्न असायचा, विंचरलंस का? आणि माझं एकच उत्तर, हो आजोबा.

कुठलं विंचरणं. दिवसभर लोकांच्या डोक्यात हात घालून घरी आलं की कंगव्याकडे बघवायचं नाही. महिन्याभरात मफलरच्या अंगावर गाठीच गाठी झाल्या. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना... शाम्पू, कंडिशनर आणि ड्रायर. शाम्पूचं पाणी लागलं आणि गाठी अशा आवळल्या की सशाची घोंगडी झाली. ड्रायर सुरू केला तर तो उडी मारून कपाटाखाली गेला आणि तासभर बाहेर आला नाही.

"आत या," कोणीतरी म्हणालं. मी वर बघितलं आणि पहिल्यांदा मला दिसली ट्यूबलाइट. छतावरची नाही, त्याच्या डोक्यावरची. इतकं तुळतुळीत डोकं मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. असली माणसं पार्लरमध्ये येतात कशाला?

इथे एक सांगायला हवं. नवऱ्याच्या बाबतीत माझी एकच अट होती आणि ती सगळ्या पार्लरला पाठ होती. रंग कसाही असो, उंची कितीही असो, डोक्यावर केस हवेत. दाट. बाकीचं मी बघून घेईन.

हा डॉक्टर नव्हता. दवाखान्यात प्राण्यांचे केस आणि नखं बघायचा, आणि सगळे त्याला कंगवा म्हणायचे. कोणी हे नाव ठेवलं होतं देव जाणे, पण तो त्यालाच ओ द्यायचा. त्याने मफलरला टॉवेलवर घेतलं, एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "याला आंघोळ कोणी घातली?"

"शेजारणीने," मी म्हणाले. कसं सुचलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

मग त्याने शेजारणीला जे काही सुनावलं ते मला निमूट ऐकून घ्यावं लागलं. सशाला आंघोळ घालायची नसते. भिजलेली गाठ आणखी घट्ट होते. याची कातडी कागदाएवढी पातळ असते, ओढली तर फाटते, आणि घाबरून जोरात लाथ झाडली तर त्याचं स्वतःचंच पाठीचं हाड मोडू शकतं. मी मान हलवत होते आणि मधे मधे "बघा ना, काय बाई आहे" असंही म्हणत होते.

मशीन लावून सगळं काढणं सोपं, असं तो म्हणाला. तेव्हा मात्र मी त्याला आजोबांचं सांगितलं. पंधरा दिवसांनी घरी येणार होते. वॉकर धरायचा त्यांना कंटाळा, पण मफलरला मांडीवर घ्यायचं तर खुर्चीपर्यंत चालत जायला हवं ना, म्हणून चालत होते. त्यांचे डोळे म्हणजे त्यांची बोटं. भादरलेला ससा हाताला लागला तर त्यांना कळेल की मी रोज खोटं बोलले, आणि ते उठायचंच सोडून देतील, ही माझी भीती.

औषधाच्या एका कागदामागे त्याने सशाचं चित्र काढलं. दिसत होता बटाटा, पण कान होते. मग मफलरच्या अंगावर बोटं फिरवत त्याने त्या बटाट्यावर एकेक फुली मारली. एकोणीस.

"एका वेळी दहा मिनिटं, फार तर दोन गाठी. त्याहून जास्त त्याला सोसत नाही," तो म्हणाला. "रोज यावं लागेल... जमेल?"

जमवलं. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी मी मफलरला वाहिली.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी कात्री काढली, तर त्याने ती माझ्या हातातून काढून खिडकीत ठेवली. गाठ कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नाही म्हणाला. मग शिकवलं. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळायचं म्हणजे केस सुटे होतात. गाठीचं मूळ, अगदी कातडीलगत, दोन बोटांत धरायचं, म्हणजे ओढ आपल्या बोटांना बसते, त्याला नाही. आणि सुरुवात टोकापासून. बोटांनी, थोडं थोडं, आणि मग रुंद दातांचा कंगवा. मी मनात म्हटलं, हे मला शिकवतोय, मला. पण पहिली गाठ सुटली, पिठासारखी भुरभुरली, आणि मफलरने दात हळूच कुरकुरवले. ससा खूश असला की असंच करतो, हेही त्यानेच सांगितलं.

"तुमच्या शेजारणीला निरोप द्या," तो गवताची पेंढी बांधत म्हणाला. "तिचा हात चांगला आहे म्हणावं."

"हात माझा होता आत्ता."

"हो का? मला वाटलं शेजारीण." आणि डोळे मिचकावून नाही, अगदी गंभीर चेहऱ्याने बटाट्यावरची एक फुली खोडली.

तेव्हापासून त्या बाईला आमच्यात बसायला जागा मिळाली. शेजारणीला सकाळचा चहा कसा लागतो, शेजारीण एवढी चिडकी का आहे, तिला निळा रंग शोभतो हे तिला कोणी सांगितलंय का. मीही उलट निरोप द्यायला लागले, की शेजारीण म्हणते, काही माणसं फार शहाणपणा करतात. पार्लरमध्ये माझ्या निळ्या ड्रेसची पाळी तिसऱ्यांदा आली तेव्हा सगळ्या जणी एकमेकींकडे बघून खोकायला लागल्या.

दहाव्या दिवशी, रविवारी, मफलरने सकाळपासून गवताला तोंड लावलं नाही. त्याची शी-शूची पाटीही कोरडी, एक लेंडी नाही. मी कंगव्याला फोन केला आणि काय बोलले ते मला आठवत नाही, पण तो वीस मिनिटांत दारात होता, पावसात अर्धा भिजून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंग चाटताना पोटात केस गेले असतील म्हणाल्या, सशांना उलटी करता येत नाही, पोट थांबलं तर जिवावर बेतू शकतं. इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, घरी न्या, फिरू द्या, पाणी पाजा, गवत समोर ठेवा, आणि लेंडीची वाट बघा. संध्याकाळपर्यंत नाही पडली तर परत आणा.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. समोर मफलर, मधे पाटी, खिडकीवर पाऊस. कुठल्या मुलीने अशी दुपार मागितली असेल? तो अधूनमधून मफलरच्या पोटावरून हात फिरवायचा आणि मला धीर द्यायला काहीबाही सांगायचा. बाविसाव्या वर्षी केस गळायला लागले तेव्हा त्याने सात प्रकारची तेलं लावून बघितली होती. सातव्या तेलाने उशीला चांगली चमक आली म्हणाला. मी हसत होते आणि रडतही होते, आणि त्याने दोन्हीची काही चौकशी केली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मफलर पाटीत गेला, पाठमोरा बसला, आणि टप्... एक. छोटीशी, गोल, कोरडी. मग दुसरी. मी त्याचा हात घट्ट धरला होता हे मला पाचव्या लेंडीला कळलं. सोडावासा वाटला नाही. लोक चंद्र बघून प्रेमात पडतात, माझ्या नशिबात हे होतं. त्या क्षणी त्याच्या डोक्यावर केस असते तरी मला काही फरक पडला नसता.

पंधराव्या दिवशी एकच फुली उरली. गळ्याखाली, जिथे कातडीची घडी पडते तिथे. त्याने बोटं लावली आणि मान हलवली. ही सुटणार नाही, कातडी वर ओढली गेलीय, डॉक्टरीणबाईच मशीनने काढतील म्हणाला. मी हात जोडले. आजोबा पहिलं बोट तिथेच फिरवतात, गळ्याखाली. प्रयत्न तरी करू या ना.

"नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच कडक आवाजात. "केस परत येतात. कातडी फाटली तर मला तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही."

"तुमचे कुठे आले परत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो एवढा हसला की मफलरने कान टवकारले. गाठ निघाली. गळ्याखाली बशीएवढं गुलाबी टक्कल उरलं, आणि बटाट्यावर एकही फुली नाही. आता रोज यायचं कारणही नाही. मी टोपली उचलली, ठेवली, परत उचलली. तो कंगवा पुसत होता, स्वच्छ असलेला कंगवा परत परत.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुमच्या शेजारणीचं... लग्न ठरलंय का कुठे?"

माझे कान तापले. खरं उत्तर द्यायचं तर शेजारीण कोण हे आधी कबूल करायला हवं, आणि आंघोळही. "विचारून सांगते," मी म्हणाले आणि पळाले. अकरा वर्षं सगळ्यांना बोलण्यात गुंडाळणारी मी, पण मला एवढीच अक्कल सुचली.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. वॉकर धरून, दारापासून खुर्चीपर्यंत, एकेक पाऊल. तोही आला होता, कारण नव्या खुब्यावर सशाची लाथ बसू नये म्हणून मफलरला मांडीवर कसं ठेवायचं हे दाखवायचं होतं. आजोबा बसले, श्वास घेतला आणि हात पुढे केला. "आण रे त्याला," म्हणाले.

त्याने मफलरला टॉवेलमध्ये धरलं आणि खुर्चीसमोर गुडघ्यांवर वाकला. आजोबांचा हात खाली आला तो थेट त्याच्या डोक्यावर.

हात थांबला. पुढे गेला, मागे आला, सगळीकडून फिरला. आजोबांचा चेहरा उतरत गेला. घाबरलेल्या प्राण्याजवळ हलायचं नसतं ही त्याची सवय, म्हणून हा पठ्ठ्या दगडासारखा स्तब्ध.

"अगं पोरी," आजोबा म्हणाले, "तू तर सगळाच भादरलास गं." मग त्यांची बोटं बाजूला सरकली. "आणि याचे कान? कान कुठे गेले?"

मला हसू आवरेना आणि बोलल्याशिवाय राहवेना. "आजोबा, तो मफलर नाही," मी म्हणाले. "तो... माझा आहे."

वाकलेल्या डोक्याचा मागचा भाग हळूहळू लाल झाला. आजोबांनी हात उचलला नाही.

"चावतो का?"

"नाही."

"खातो नीट?"

"माहीत नाही. बघते आता."

"राहू दे मग," आजोबा म्हणाले आणि त्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. "आता माझा दे."

मफलर मांडीवर आला. बोट गळ्याखाली गेलं आणि तिथे थबकलं. मग मी सगळं सांगून टाकलं, रोजचं खोटं, शाम्पू, ड्रायर, एकोणीस गाठी, ती रविवारची दुपार. आजोबा बराच वेळ त्या गुलाबी जागेवर अंगठा फिरवत राहिले.

"मीही रोज चाललो म्हणून सांगत होतो," ते शेवटी म्हणाले. "आठवड्यातले दोन-तीन दिवसच चाललो. उद्यापासून तू विंचर, मी चालतो. दोघांनीही खरं." मफलर दात कुरकुरवायला लागला, आणि आजोबांनी मान मागे टेकून डोळे मिटले.

तो उठून माझ्याजवळ आला. शर्टावर लोकर, खांद्यावर टॉवेल.

"शेजारीण मीच होते," मी खालच्या आवाजात म्हणाले.

"पहिल्याच दिवशी कळलं. सशाला आणि तुमच्या हातांना एकाच शाम्पूचा वास येत होता." मग म्हणाला, "पण आता गाठी संपल्या. उद्या यायला काय कारण सांगू?"

सकाळपासून आजोबांच्या काळजीत मी केसांना कंगवा लावला नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कानामागे हात गेला तर तिथे चांगली एक गाठ होती. मी मान वळवून त्याला दाखवली. त्याने खिशातून तोच रुंद दातांचा कंगवा काढला आणि विचारलं, कुठून सुरू करू?

"टोकापासून," मी म्हणाले. "आणि दहाच मिनिटं हं. बाकी उद्या."