चेहऱ्याची हजेरी

“काळा आहे का निळा ते नको सांगूस रे बाबा. तो मराठी कसं वाचतो ते ऐकव.”

शालन कोष्टी फोनच्या दुकानात शिरल्या की अशाच सुरू होत. सकाळपासून सांगलीतल्या दोन दुकानांत त्यांचे कान किटले होते. विक्रेते एकजात रंगाचं नाहीतर कॅमेऱ्याचं कौतुक करत सुटायचे, आणि बाईंना दिसत नाही हे ध्यानात आलं की ओरडून बोलायला लागायचे. दृष्टीबरोबर कानही गेलेत, असाच त्यांचा समज! म्हणून शेवटी शालनताई अन्वर मुजावरच्या काउंटरवर आल्या. अन्वर स्वतः जन्मांध. तो फक्त अंधांना वापरता येतील असेच फोन ठेवायचा, आणि प्रत्येक फोन आधी महिनाभर स्वतः वापरून बघायचा.

“हा घ्या मावशी. हवा तेवढा भरभर वाचतो.”

फोननं बातमी वाचली. शालनताईंनी वेग वाढवत वाढवत असा नेला, की शेजारच्या गिऱ्हाइकाला ती नुसती कुरकुर वाटली असती. त्यांना शब्द न् शब्द कळत होता.

“बँकेचा संदेश चारचौघांत मोठ्यानं वाचणार नाही ना?”

“कानाला लावल्याशिवाय तोंड उघडत नाही.”

“गुणी आहे. पण मला उठावाचा दाखव.”

अन्वर हसला. “मग मघापासून माझी परीक्षा घेत होता होय?”

उठाव-पडद्याचे फोन नुकतेच बाजारात आले होते. पडद्याच्या जागी रबरासारखा मऊ पापुद्रा, आणि त्याखाली केसाहून बारीक असंख्य खुंट्या. पलीकडच्या फोनचा कॅमेरा समोरच्या वस्तूचे उंचसखल भाग मोजून पाठवी, तशा या खुंट्या वर-खाली होत. पडदा तळहाताएवढाच असल्यानं चेहरा सगळा एकदम येत नसे. बोट सरकवलं की कपाळ, मग भुवई, मग गाल, असा हाताखाली येई, पण येई तो खऱ्या मापाचा.

शालनताईंना बाकी काही नको होतं. त्यांना लेकीचा, तनुजाचा चेहरा हवा होता.

तनुजा लहान असताना शाळेतून आली की दप्तर टाकून आईसमोर बसायची. “आई, हजेरी घे!” मग शालनताई तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायच्या. घाम किती आला, कोणाशी भांडली, डबा खाल्ला की नाही, सगळं त्यांच्या हातांना कळायचं. हनुवटीवर तांदळाच्या दाण्याएवढा व्रण होता, झोपाळ्यावरून उंबऱ्यावर आपटल्याचा. तिथं बोट टेकलं की हजेरी संपली. पुढं मुलगी नोकरीसाठी ऑस्लोला गेली आणि हात रिकामे राहिले. कधी कधी कणीक मळताना त्यांची बोटं उगाच गोळ्यावर थांबायची. माणसाला आपल्याच लेकराची एवढी भूक लागते, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आवाज होता म्हणा. दर रविवारी तनुजाचा फोन यायचा. “मी मस्त आहे गं!” आणि आवाजाच्या बाबतीत शालनताईंना कोणी शिकवू नये. जन्मभर त्यांनी जिल्हा रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली. ‘हॅलो’वरून माणूस ओळखायच्या, त्याला ताप आहे की राग हेही सांगायच्या. लेकीचा आवाज ठणठणीत होता, म्हणून आईही निश्चिंत होती.

“लावून बघू का लेकीला?”

“लावा की. आज रविवार, सुट्टीच असेल.”

तनुजानं लगेच उचलला. “आई? अगं, कुठून बोलतेस?”

“दुकानातून. कॅमेरा तोंडासमोर धर आणि हलू नकोस. हजेरी आहे.”

पापुद्रा हलला. बोटाखाली कपाळ आलं, मग तिच्या वडिलांसारखं रुंद नाक. “बाई गं!” शालनताईंच्या तोंडून निघालं आणि डोळ्यांना धार लागली. गाल गुबगुबीत, गुळगुळीत होते. बोट खाली सरकलं, हनुवटीवर आलं आणि थांबलं. पुन्हा फिरलं. व्रण नव्हता.

“अन्वर, हा बिघडलेला आहे. आणि कडेला हे थरथरतंय काय? मघापासून चालू आहे.”

अन्वरनं हात पुढं करून फोनची कड चाचपली.

“मावशी, बिघाड नाही. पलीकडून इस्त्री येतेय.”

“कसली इस्त्री?”

“ऑफिसच्या बैठकांसाठी काढलेली सोय आहे. माणूस दमलेला, आजारी दिसू नये म्हणून त्यांचा फोनच चेहरा सारखा करून पाठवतो. आपल्याला कळावं म्हणून हा थरथरतो. जुने फोन काहीच सांगायचे नाहीत.”

“चेहराच ना?”

“आवाजसुद्धा. खोकला, धाप, रडू, सगळं काढून टाकतो.”

शालनताईंनी फोन तोंडाजवळ ओढला. तो चालूच होता. पलीकडे तनुजानं सगळं ऐकलं होतं.

“तनू, काढ ते.”

“बंद करायचं राहून जातं गं आई. तू घरी गेल्यावर बोलू. आत्ता नको ना.” आवाज तसाच ठणठणीत होता.

“रागवत नाही मी. पण माझी हजेरी राहिलीय बाळा. एवढ्या वर्षांची राहिलीय.”

शालनताईंनी बोट हनुवटीवरच ठेवलं. मग कडेची थरथर थांबली.

हनुवटीवर तो दाणा आला. शालनताईंनी त्यावर बोट टेकलं, पण हजेरी संपवली नाही. बोट वर गेलं. गाल खोल बसले होते, गालफडं वर आली होती. भुवईवर हात गेला तर भुवईच नव्हती, आणि कपाळाच्या वर, जिथं दाट केस सुरू व्हायचे, तिथंही काही नव्हतं.

“लागली का हजेरी?” कोणीतरी घोगऱ्या, दमलेल्या आवाजात विचारलं. जन्मभर लोकांचे आवाज ओळखणाऱ्या शालनताईंना हा आवाज ओळखू आला नाही.

“कधीपासून, तनू?” त्यांनी विचारलं. “आणि आता बरी आहेस ना? खरं सांग.”

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. उत्तर यायच्या आधीच शालनताईंचा अंगठा आपसूक फोनच्या कडेवर जाऊन बसला. आता ही कड पुन्हा थरथरू लागली तर?