पलीकडच्यांची पाळी

बसा. तो बाक हलतो, पण पडत नाही. आमच्याकडे वीज एकदा गेली की यायची घाई करत नाही, म्हणून दिवा मधोमध ठेवते. उद्या दुपारी तुम्ही सगळे वरच्या मैदानावर मेळ्यात गाणं-वाजवणं ऐकायला जाणार. त्यासाठीच एवढा घाट चढून आलात. तर एक गोष्ट आजच सांगून ठेवते. वाजवणारे मध्येच थांबले, तर टाळ्या वाजवू नका. कितीही आवडलं तरी.

का, ते सांगते. गेल्या वर्षीचीच गोष्ट आहे.

मेळ्याच्या आदल्या दिवशी मी वायरचं भेंडोळं आणायला जीपवाल्याबरोबर खाली बाजारात गेले होते. मी नुकतीच गावी कायमची परत आले होते. ध्वनीचं शास्त्र शिकायला मी फार लांब गेले आणि डोक्यात एकच वेड घेऊन परतले: हा मेळा जगला पाहिजे. गावं नुसती पोटासाठी रिकामी होत नाहीत. दिवस मावळल्यावर एकत्र बसावं असं काही उरत नाही, तेव्हा माणसं खरी उठून जातात. जिथे शेजारी शेजाऱ्यासाठी वाजवतो, ते गाव मरत नाही. हे मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवायची. अजूनही ऐकवते, आत्ता ऐकवलंच की! तर त्या वेडापायी मी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना आमंत्रणं धाडली होती.

"ताई, एवढं जग बोलावलंत, बसवणार कुठे?" जीपवाल्याने विचारलं.

"गवतावर."

"आणि पाऊस आला तर?"

"ओल्या गवतावर."

तो खो खो हसला. मग एका वळणावर गाडी हळू करत म्हणाला, "आणि ते शेवटचं थांबणं? ते सांगितलंत का पाहुण्यांना?"

"प्रतिध्वनीत सांगण्यासारखं काय आहे? येईल तेव्हा ऐकतील."

"प्रतिध्वनी म्हणता होय..." एवढंच बोलून त्याने गिअर बदलला, आणि पुढे घरापर्यंत गप्प. हा माणूस झोपेतही गप्प नसतो, असं त्याची बायको सांगते.

हे थांबणं म्हणजे काय, ते समजून घ्या. नदीच्या पलीकडे तो उघडा कडा सकाळी तुम्ही पाहिलात ना? त्याच्या पायथ्याशी पूर्वी एक वस्ती होती. मध्ये लाकडी फळ्यांचा झुलता पूल. मेळ्यात दोन्ही काठांवर वाजवणारे बसायचे. शेवटची चाल आम्ही अर्धी वाजवून थांबायचो आणि उरलेली अर्धी पलीकडचे पुरी करायचे. अर्धं गाणं आमचं, अर्धं त्यांचं. माझ्या आत्याला त्या वस्तीत दिली होती. एका वर्षी आमच्या ढोलवाल्याला ताप आला, म्हणून ती ढोल वाजवायला माहेरी आली. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, पलीकडे क्लॅरिनेट घेऊन बसलेले. आमच्या बाजूने अर्धी चाल वाजवून झाली. सगळे थांबले. आणि पलीकडून उत्तराऐवजी दरड आली.

वस्ती गेली, पूल गेला. या काठावर दगडी खांब तेवढे राहिले.

त्यांची पाळी मात्र राहून गेली. म्हणून तेव्हापासून दर मेळ्यात शेवटची चाल अर्धी वाजवून आमची माणसं थांबतात, गप्प बसतात. आणि कड्याकडून बारीकसा सूर येतो. मीही लहानपणापासून ऐकलाय. शिकून आल्यावर मला वाटलं, त्यात गूढ ते काय? दरडीने कडा साफ उघडा पडला, त्यावर आपटून आमचाच आवाज परत येतो.

त्या संध्याकाळी हेच मी आत्याला समजावत होते. ती चुलीपासून हातभर अंतरावर ढोल धरून त्याचं कातडं शेकत होती.

"प्रतिध्वनी म्हणजे आपण वाजवलं तेच परत येतं ना गं?"

"हो."

"मग पुढचं कडवं कसं येतं?"

"भास होतो, आत्या. चाल आपल्या कानात बसलेली असते. कानच पुरी करतात."

"आणि ठसका?"

"कसला ठसका?"

"तुझ्या आतोबांना वाजवायच्या आधी ठसका लागायचा. हमखास! लग्नाच्या दिवशी माझ्याशी पहिला शब्द बोलायच्या आधीसुद्धा लागला. प्रतिध्वनीला ठसका लागतो, हे शिकवलं का तुझ्या कॉलेजात?"

मी हसले. तीही हसली. मग ढोल फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तुझं शास्त्र नको, बाई. वर्षातून एकदा ऐकते, तेवढ्यावर माझं वर्ष निघतं. तुझ्या पाहुण्यांना तेवढं गप्प बसायला सांग म्हणजे झालं."

मी सांगितलं. माइकवरून, दोनदा. पण खूश झालेल्या माणसाचे हात ऐकतात थोडेच!

आणि काय खूश होते हो सगळे! असा मेळा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमचे शिंपीकाका व्हायोलिन वाजवतात. कॉलरला टाचण्या तशाच लावलेल्या, त्यामुळे मान वळवली की स्वतःच 'आई गं' म्हणतात आणि लोकांना वाटतं, गाण्यातच आहे. पाववाल्याचा अकॉर्डियन, त्याच्या पट्ट्यांवर पीठ; तो ताणला की पांढरा धूर निघायचा आणि पुढच्या रांगेतली पोरं शिंकायची. पाहुण्या बायका चपला काढून गवतावर नाचत होत्या. जीपवाला सगळ्यांना नाचायला शिकवत होता, स्वतःला येत नसताना. आत्याचा ढोल असा घुमत होता की गवतावर ठेवलेल्या कपांतला चहा थरथरत होता.

मग दुपार कलली आणि नदीतून धुकं वर आलं. आमच्याकडे ते येतंच, त्यात नवल नाही. आधी खांब दिसेनासे झाले, मग मैदानाची कड. शिंपीकाकांनी शेवटची चाल धरली. अर्ध्यावर आली आणि सगळे थांबले.

त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला!

थांबता थांबेना. लोक उभे राहून वाजवत होते. मी हात हलवत होते, तर त्यांना वाटलं मी आणखी वाजवा म्हणतेय. त्या गडगडाटात मी आत्याकडे पाहिलं. ती मान पुढे काढून, एक कान कड्याकडे करून बसली होती. चेहरा असा, की जणू गर्दीत कोणाचं तरी बोट सुटलंय.

टाळ्या संपल्या तेव्हा पलीकडे नुसती शांतता होती. झाडांवरून धुक्याचं पाणी टपकत होतं, तेवढंच.

शिंपीकाकांनी आवरतं घ्यायला व्हायोलिनचा गज उचलला. आत्याने ढोलावर हात दाबून ठेवला.

"थांबा. पाळी त्यांची आहे."

"अक्का, त्यांचं वाजवून झालं असेल. टाळ्यांत ऐकू आलं नाही."

"मग पुन्हा वाजवू देत."

चाल पुन्हा अर्धी वाजली. या वेळी पाहुण्यांनाही काहीतरी कळलं असावं, कोणी हललं नाही. काहीतरी आलंही. फार बारीक. पण वारा उलटा होता, तो सूर खाली दरीतच विरून गेला.

तेव्हा आत्या उठली. ढोल गळ्यातच. तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि मागच्या दारातून परसातल्या नवऱ्याला हाक मारावी तशी ओरडली,

"अहो! ऐकू नाही आलं! जरा जवळ येऊन वाजवा की!"

सगळे हसले. पाहुणे हसले, पाववाला हसला, मीही हसले. आत्या नाही हसली. ती वाट बघत होती.

पहिल्यांदा आला तो वास. ओल्या मातीचा. पावसानंतरचा गोड वास नव्हे, खोल खणलेल्या खड्ड्यातून येतो तसा, थंड... मुळांचा आणि दगडांचा.

मग लाकडाचा आवाज. टप्... टप्... टप्... फळीवर पाय, मग पुढच्या फळीवर पाय.

जीपवाला माझ्या कानाशी आला. "ताई... पूल तर..."

"हो."

"मग हे..."

"गप्प."

एक पाऊल नव्हतं. एकामागून एक, पुष्कळ पावलं होती. दोर कुरकुरत होते. कोणीतरी पलीकडून धीराने, घाई न करता, रांगेने येत होतं, जशी माणसं वाद्यं सांभाळत येतात. फळ्या संपल्या. गवत दबल्याचा आवाज झाला. आणि मग, मैदानाच्या अगदी कडेला, धुक्यात, कोणालातरी ठसका लागला.

आत्याने डोळे मिटले.

क्लॅरिनेट सुरू झालं. आम्ही सोडलं होतं तिथूनच, पुढचं कडवं. कान पुरं करतात तसलं नव्हे. मी शपथेवर सांगते, ध्वनी हा माझा विषय आहे, तो सूर माझ्यापासून वीसेक पावलांवर होता आणि वाजवणाऱ्याचा श्वास मला ऐकू येत होता. मागून दुसरा ढोल लागला. मग गळे. किती तरी गळे.

मला भीती वाटली का? अंगावर सरसरून काटा आला. पण पाय नाचत होते, त्याला मी काय करू! शिंपीकाकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. त्यांनी गज टेकवला. दोन्ही काठ आजवर नेहमी आळीपाळीने वाजवत आलेले. त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र वाजवलं. इतकं सुरेल, इतकं आनंदाचं मी कुठेच ऐकलेलं नाही, मोठमोठ्या सभागृहांतही नाही. धुकं एवढं दाट झालं की हाताला येईल त्याचा हात धरून लोक नाचले. चाल पुरी झाली. तेव्हा, बरं का, एकानेही टाळी वाजवली नाही.

धुकं ओसरलं. मैदानावर आम्हीच होतो. एक पाहुणी आपला तळहात न्याहाळत होती. "माझ्याबरोबर नाचत होते ते गृहस्थ कुठे गेले?" म्हणाली. "हात किती गार हो त्यांचे! आणि ही बघा माती." दुसऱ्याने माझी पाठ थोपटली. "काय कल्पना आहे! पलीकडचे वाजवणारे धुक्यात लपवून ठेवायचे!"

मी त्यांना चहा दिला.

घरी येताना आत्या वाटभर गुणगुणत होती. फाटकाशी आल्यावर मला राहवलं नाही.

"आत्या, येताना फळ्या वाजल्या."

"हं."

"जाताना वाजल्या नाहीत."

तिने ढोल पदराने पुसला. "मी 'जवळ या' म्हटलं. 'परत जा' कुठे म्हटलं?"

आणि आत शिरताना तिने दार उघडंच ठेवलं, मागून कोणी येत असलं की ठेवतात तसं.

तेव्हापासून गाव बरं चाललंय, हे मात्र खरं. बंद पडलेल्या घरांची दारं सकाळी कधी कधी उघडी दिसतात, उंबऱ्यावर ओली माती असते. पाववाला म्हणतो, आता पाव उरत नाहीत. कोण नेतं, ते तो विचारत नाही. मीही विचारत नाही. गाव भरलेलं असावं, असं मीच ना सगळ्यांना ऐकवत होते? आत्याचा तर चेहराच बदललाय. मघाशी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला ना, तो तिचाच. नाही, आत आणखी कोणी नाही. ती एकटीच आहे.

म्हणून म्हणते, उद्या टाळ्या नकोत. आत्याला ऐकू आलं नाही, तर ती पुन्हा 'जवळ या' म्हणेल. आणि आता याहून जवळ म्हणजे कुठे, याचा विचार करायला मला आवडत नाही.

घाबरू नका हो, सूप घ्या. मेळा सुरेख होणार. एवढंच, की थांबल्यावर कड्याकडे बघत बसू नका. तिकडून काही येत नाही आता. मी करून पाहिलंय. काल सकाळी नदीकाठच्या खांबावर उभी राहून मी कड्याकडे जोरात हाक मारली. एवढा उघडा, सपाट कडा. शास्त्राप्रमाणे आवाज परत यायलाच हवा. कडा गप्प राहिला.

हाक परत आली ती माझ्या पाठीमागून. आमच्या या घरातून.

आणि तिच्या आधी एक ठसका.