सुतारवाडीची तीनशे चाळीस मतं

पोटनिवडणुकीचा निकाल सात मिनिटांत लागला आणि त्यावरचा तंटा अकरा दिवस चालला. निवडणूक अधिकारी मंदाकिनी उबाळे यांना ती सात मिनिटं आता आठवतही नव्हती. अकरा दिवस मात्र पाठीच्या मणक्यात जाऊन बसले होते.

हल्ली मतदानाला माणसं लागत नसत. मतछाया लागत. प्रत्येक मतदाराच्या फोनवर महिन्याच्या एक तारखेला चाळीस प्रश्न यायचे. त्याला मनभेट म्हणत. नळाला चार दिवस पाणी आलं नाही तर राग कोणाचा येतो? शेजाऱ्याला घरकुल मिळालं आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही काय कराल? अशी आठ-दहा वर्षांची उत्तरं साठली की यंत्र त्या माणसाची एक सावली तयार करी. ती त्याच्यासारखी चिडायची, त्याच्यासारखी भुलायची आणि निवडणुकीच्या दिवशी त्याच्या वतीने मत द्यायची. रांग नाही, शाई नाही, उन्हात चक्कर येऊन पडणारे म्हातारे नाहीत. फोनवर कोणाला कुठल्या बातम्या दिसाव्यात, कुठल्या योजना कळाव्यात, तेही ही छायाच ठरवायची. सोय म्हणजे किती सोय!

सत्ताधारी पक्षाचा उमेदवार दोनशे बारा मतांनी निवडून आला. विरोधकांनी घोटाळा झाल्याची आरोळी ठोकली. त्यात नवीन काही नव्हतं. हरणाऱ्याला ओरडावंच लागतं, नाहीतर कार्यकर्ते घरी जातात. पण या वेळी त्यांच्याकडे लहानू पाचारणे होता.

लहानू सुतारवाडीचा. वय पन्नाशीचं. विरोधी पक्षाचे फलक बांधता बांधता त्याच्या तळहाताला सुतळीचे वळ कायमचे पडलेले. तो रोज कचेरीत यायचा आणि मंदाकिनीबाईंच्या टेबलासमोर उभा राहायचा.

"मॅडम, सुतारवाडीत तीनशे चाळीस मतं. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस त्यांना. मग माझं कुठं गेलं?"

"बसा, पाचारणे."

"बसायला नाही आलो. माझं मत द्या परत."

"मत म्हणजे काय छत्री आहे का, विसरलेली, परत द्यायला?"

"तीस वर्षं या पक्षाचं मीठ खाल्लंय मी. बायको म्हणते, आतून फुटला असशील. बायको, मॅडम!"

त्याचा आवाज चिरकला, तशी बाईंची चिडचिड थोडी खाली बसली. त्यांनी राजधानीतून डॉक्टर शेजवळांना बोलावून घेतलं. मतछायेचं गणित मांडणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी दोन दिवस यंत्र तपासलं आणि मान हलवली. "कुठेही हात घातलेला नाही. फक्त एक गंमत आहे. या तीनशे चाळीस छाया अगदी एकसारख्या आहेत. जुळ्यांच्यासुद्धा इतक्या नसतात."

"मग ते गणित मांडताना माणसांना विचारलं होतंत का कधी?" बाई म्हणाल्या आणि त्यांना व लहानूला गाडीत घालून सुतारवाडीला घेऊन गेल्या.

तिथे पोचल्यावर उलगडा व्हायला पाव तास लागला. वाडीतले सगळे द्राक्षांच्या पॅकिंगला जात. तिथे फोन आत नेऊ देत नसत. म्हणून एक तारखेला सकाळी प्रत्येक जण अंगणवाडीत येई, फोनला चेहरा दाखवून मनभेट उघडे आणि फोन टोपलीत टाकून कामाला जाई. उरलेलं अंगणवाडीच्या इंदूताई पोफळे बघत.

"सगळ्यांची उत्तरं तुम्ही देता?" बाईंनी कपाळाला हात लावला.

"मग कोण देणार? रेशनला नाही का एकच जण सगळ्या गल्लीची कार्डं घेऊन जात?" इंदूताईंना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "चार-चार दिवस पुरतं मला ते. बोटं ठणकतात. चहा घेता का म्हणून कोणी विचारत नाही."

"पण उत्तरं कोणाची देता?"

"पहिल्यांदा ज्याची त्याची द्यायचे. लहानूच्या फोनवर लहानूसारखा विचार करायचा, सखूच्या फोनवर सखूसारखा. पण तीनशे चाळीस माणसांसारखा विचार कोणाच्यानं होतो, बाई? मग मला पटेल ते दाबत गेले. झाली असतील आठ वर्षं."

बाईंनी लहानूकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं, जनगणनेचं काहीतरी असेल," लहानू पुटपुटला. मग एकदम उजळला. "पण म्हणजे ते मत माझं नव्हतंच! बघा! इंदूताईचं होतं!"

बाईंनी त्याच दिवशी सुतारवाडीत फेरमतदानाचा आदेश काढला, तोही कागदावरचा. गोदामातून पेट्या निघाल्या, शिक्के निघाले. कायदा वाचून वाचून नियम काढले, कारण कचेरीत कोणालाच ते आठवत नव्हते. इंदूताईंना कोणी काही विचारू नये म्हणून त्यांना दिवसभर कचेरीत बसवून ठेवलं आणि सगळ्यांच्या शेवटी केंद्रावर नेलं. डॉक्टर शेजवळ दारात उभे राहिले. कोणी दमदाटी केली नाही, कोणी काही वाटलं नाही. लहानू सर्वांत पहिला आत गेला, नवीन सदरा घालून.

संध्याकाळी मोजणी झाली. सत्ताधाऱ्यांना तीनशे एकोणचाळीस. विरोधकांना एक.

बाईंनी स्वतः दुसऱ्यांदा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"हे कसं शक्य आहे?" त्यांनी शेजवळांना बाजूला घेतलं. "आता तर माणसं होती ना?"

शेजवळांनी चष्मा पुसला. "छाया माणसावरून बनते, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. पण फोनवर काय दिसायचं तेही छायाच ठरवते. आठ वर्षं या तीनशे चाळीस जणांना इंदूताईंना पटतील त्याच बातम्या दिसल्या. इंदूताईंना राग येईल त्याचाच राग यांना रोज आणून दिला. छाया त्यांच्यासारखी नव्हती, मान्य. पण आता ते छायेसारखे झालेत."

"आणि ते एक मत? लहानूचं?"

"माझं असेल ते," मागून इंदूताई म्हणाल्या. मत गुप्त ठेवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "दिवसभर बसवून ठेवलंत ना मला. माझा फोनही काढून घेतलात. मग विचार करत बसले. म्हटलं, या लोकांनी तरी आपलं काय भलं केलं? दिलं बदलून."

बाहेर विरोधी पक्षाचे लोक लहानूला खांद्यावर घेऊन नाचत होते. ते एक मत त्याचंच, याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. एक तरी इमानी निघाला! त्याची बायको कौतुकाने डोळे पुसत होती.

थोड्या वेळाने लहानू हार काढून आत आला. त्याने दार लोटून घेतलं.

"मॅडम, निकाल लिहिलात का?"

"लिहितेय."

"मी घरून ठरवून गेलो होतो. आमच्या चिन्हाकडे बघितलं पण. मग वाटलं..." तो थांबला. "कोणी धरलं नव्हतं मला. मला खरंच तसं वाटलं, मॅडम. अजून वाटतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. यंत्राने चोरलेलं मत परत देता येतं, इतपत कायदा त्यांना पाठ झाला होता.

लहानूने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"घोटाळा झाला, असं लिहा ना," तो म्हणाला. "मी सही करतो."