जाम झालेली दोन चाकं

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला बहारीनमधल्या गुदैबियात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत फोन वाजला, तेव्हा संघप्रियाचं पंचशील नुकतंच म्हणून झालं होतं.

"मी गोपीनाथ. गॅरेजातनं बोलतोय. प्रबुद्धला पोलिसांनी नेलं."

प्रबुद्ध तिचा धाकटा भाऊ. सलमाबादच्या एका गॅरेजात ऑटो इलेक्ट्रिशियन होता. गोपीनाथ तिथला फोरमन.

"काय केलं त्यानं?"

"बुधवारी जनाबियाच्या तबेल्याच्या पिकअपला वायरिंग केली ना, ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकची? तो ट्रेलर आज सकाळी सहाला चालत्या गाडीमागून सुटला. आत घोडी होती. ट्रेलर हमद टाउनच्या पुढच्या रस्त्यावर, घोडी गायब. सगळे म्हणतात, वायरिंग चुकली. गॅरेजच्या मालकानं, अरबाबनं, त्याचा पासपोर्ट काढून ठेवलाय. व्हिसा कॅन्सल, संध्याकाळच्या विमानात बसवणार."

"चौकशीसुद्धा न करता?"

"चौकशी चाललीय म्हणून तर फोन केला. ब्रेकचा सेट तुझ्या दुकानातला. दुकानातलं कुणीतरी माहितीपुस्तक घेऊन या, असा पोलिसांचा निरोप आहे. तुझा शेठ सुट्टीवर. तूच ये, पोरी."

संघप्रिया सात वर्षं स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर उभी होती. खोक्यातून येणारं प्रत्येक माहितीपुस्तक ती वाचायची. दुकानातले लोक तिला त्यावरून हसायचे. आज तिने दुकान उघडलं, पुस्तक घेतलं, टेस्ट लॅम्प पर्समध्ये टाकला आणि टॅक्सीला हात केला.

हमद टाउन मागे पडलं. पुढे वाळू आणि एक सरळ रस्ता. पावणेदहा वाजले होते. रस्त्याच्या कडेला तो ट्रेलर दिसला. एका घोड्यापुरता, दोन चाकांचा. शेजारी गॅरेजची रिकव्हरी गाडी, पोलिसांची जीप आणि तबेल्याची लाल पिकअप.

पोलीस अधिकारी तरुण होता. बहारीनचाच, पण बाजारात शिकलेलं हिंदी सफाईने बोलायचा. तिने आधीच सांगून टाकलं.

"साहेब, ज्याला तुम्ही बसवून ठेवलंय तो माझा सख्खा भाऊ आहे. हे ऐकून मला परत पाठवायचं असेल तर पाठवा."

अधिकाऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलणारी बाई हे आधी सांगत नाही. बघा काय बघायचं ते."

गोपीनाथ घाम पुसत पुढे आला. "बघायचं काय त्यात? साडेनऊला मी दोन माणसं घेऊन आलो. ट्रेलर ओढायला गेलो, तर हलेना. दोन्ही चाकं जाम! चुकीची वायरिंग, ब्रेकनं अचानक धरलं, झटका बसला, हुक उडाला. खलास."

"आणि चूक कुठली?"

"ये, दाखवतो." त्याने पिकअपच्या डॅशबोर्डखालची छोटी पेटी दाखवली. "हा कंट्रोलर. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की हा ट्रेलरच्या ब्रेकला करंट पाठवतो. आता ही काळी वायर बघ. कुठं गेलीय? बॅटरीच्या प्लसला! काळी म्हणजे अर्थ, मायनस, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"आपल्याकडचं पोर सांगेल, गोपीनाथभाऊ. ही पेटी अमेरिकेची आहे." तिने पुस्तक उघडून समोर धरलं. "त्यांची पांढरी अर्थला जाते. काळी बॅटरीला, लाल ब्रेक पेडलच्या स्विचला, निळी ट्रेलरला. प्रबुद्धनं वाचून जोडलंय. तुम्ही न वाचता सांगताय."

गोपीनाथने चित्रावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "पंचवीस वर्षं काळीला अर्थ म्हणतोय मी."

तिने पिकअपच्या मागच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला. "पेटीवरची दांडी हळूहळू सरकवा."

दिवा आधी मंद, मग लख्ख. दांडी सोडली, दिवा विझला.

"वायरिंग बरोबर आहे, साहेब. आपण होऊन ब्रेक लागत नाही."

"मग चाकं जाम कशी?" अधिकाऱ्याने विचारलं.

ड्रायव्हर वली पिकअपला टेकून उभा होता, डोळे जमिनीकडे. ती त्याच्यापाशी गेली.

"वलीभाई, काय झालं सकाळी?"

"क्या बोलूँ बहन. ब्रेक दाबला. गाडीला लागला, ट्रेलरला लागला नाही. ट्रेलरनं मागून धक्का दिला आणि सुटला. मी वळून आलो तर दार उघडं, आपली घोडी रीम गायब."

"साखळ्या होत्या ना? हुक निघाला तरी साखळ्या धरून ठेवतात."

"लावायला विसरलो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पिकअप घेऊन सीधा पोलीस चौकी. तेव्हापासून यांच्याबरोबरच आहे."

संघप्रियाच्या मनात एक गोष्ट खटकली. वली म्हणतो, ब्रेक लागलाच नाही. गोपीनाथ म्हणतो, ब्रेक सुटतच नाही. एकच ब्रेक!

पलीकडे, ट्रेलरच्या सावलीत, पांढऱ्या कोटातली एक बाई उभी होती. तबेल्याची पशुवैद्य, डॉक्टर कश्मिरा. मूळ मुंबईची. संघप्रियाला पाहून ती मराठीत म्हणाली, "तुमच्या भावाचं वाईट वाटतं हो. चांगला मुलगा आहे. बुधवारी किती नीट समजावून सांगत होता आम्हाला."

"आम्हाला म्हणजे?"

"मी, वली आणि हे तुमचे फोरमन."

"तुम्ही कधी आलात इथं?"

"सव्वानऊला. वलीनं चौकीवरून तबेल्यात फोन केला होता. इथं कुणीच नव्हतं. मग हे रिकव्हरीवाले आले."

"कशाला हात लावलात?"

"छे."

"घोडी जखमी असेल का हो?"

"रीम? नाही, शांत आहे ती." कश्मिराने कोटाच्या खिशात हात घातला. "म्हणजे, स्वभावानं."

संघप्रिया ट्रेलरच्या पुढच्या दांड्याजवळ वाकली. तिथे एक लहानशी बॅटरी आणि तिच्याशेजारी अंगठ्याएवढा स्विच होता. स्विचच्या तोंडाशी भोक; त्यात काहीच नव्हतं.

"साहेब, चाकं का जाम आहेत ते सांगते. या भोकात एक पिन असते. पिनला तार, तारेचं दुसरं टोक पिकअपला. ट्रेलर चालता चालता सुटला, तर तार ताणली जाते आणि पिन उपटते. पिन निघाली की ही बॅटरी ट्रेलरचे ब्रेक लावते, म्हणजे ट्रेलर भरकटत नाही. चाकं वायरिंगमुळे जाम नाहीत. पिन निघालीय म्हणून जाम आहेत."

"म्हणजे ट्रेलर सुटला, हे खरं ठरलं," कश्मिरा म्हणाली. "सुटल्याशिवाय पिन निघत नाही. प्रबुद्धनंच सांगितलं होतं."

अधिकाऱ्याने मान हलवली. संघप्रिया भावाला सोडवायला आली होती, आणि उलट वलीच्याच बोलण्याला बळ देऊन बसली होती.

तिने टेस्ट लॅम्प त्या बॅटरीला लावला. दिवा पेटला, पण लालसर, थकलेला.

तिने घड्याळाकडे पाहिलं. नऊ बावन्न.

"साहेब, सकाळी सगळ्यात आधी इथं पोलिसांतलं कोण आलं?"

जीपजवळचा बलुची शिपाई पुढे झाला. "मैं. सात बजे. वलीला घेऊन."

"ट्रेलर इथंच होता?"

"नहीं जी. आधा रोड पे था. मी आणि वलीनं ढकलून साइडला घेतला."

"जड गेला?"

शिपाई हसला. "काहे का जड? बच्चे की गाड़ी माफिक चला."

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर धडधडत निघून गेला.

"सगळ्यांनी थोडं थांबा," संघप्रिया म्हणाली. "या दिव्याकडे बघत राहा."

"किती वेळ?" अधिकाऱ्याचा आवाज तुटक झाला होता. "तिकडे तुझ्या भावाचं विमान बुक होतंय."

"माहीत आहे, साहेब. म्हणूनच थांबा."

ऊन चढत होतं. दिवा लालचा तपकिरी झाला. गोपीनाथ ओठातल्या ओठात काही पुटपुटत होता. वली खाली बसला. कश्मिराचा हात खिशातून बाहेर आला नाही. दहा वाजून तीन मिनिटांनी दिव्यातली तार काळी पडली.

"आता ढकला, गोपीनाथभाऊ."

गोपीनाथने एका हाताने रेटा दिला. ट्रेलर मुकाट पुढे सरकला.

"आयला!" तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

संघप्रिया अधिकाऱ्याकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. ऐकायला सगळ्यांना जवळ यावं लागलं.

"ही बॅटरी बुधवारी पूर्ण चार्ज करून दिली होती, गोपीनाथभाऊ तिथंच होते. पुस्तकात लिहिलंय, भरलेली बॅटरी ब्रेक धरून ठेवते ती पाऊण तास, फार तर तासभर. पिन सहाला निघाली असती तर बॅटरी सातलाच संपली असती. ती संपली आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत. म्हणजे पिन निघाली नऊच्या पुढे. सातला चाकं मोकळी फिरत होती, हे तुमचाच शिपाई सांगतो. तेव्हा पिन जागेवर होती."

"आणि पिन जागेवर असेल, तर..."

"तर ट्रेलर सुटलाच नव्हता. वलीभाईंनी तो हातानं सोडला. साखळ्या काढल्या, तार काढली, हुक उघडला. विसरल्या नाहीत साखळ्या, काढल्या. घोडी त्याआधीच दुसरीकडे उतरवली होती. फक्त पिन उपटायची राहिली."

वलीने मान वर केली नाही.

"मग ती उपटली कुणी? हा माणूस सातपासून आमच्याजवळ आहे," अधिकारी म्हणाला.

"पिनचं काम माहीत असलेल्यांपैकीच कुणीतरी. प्रबुद्धला तुम्ही आठलाच नेलंत. उरले बुधवारी तिथं असलेले तिघं. वलीभाई चौकीवर. गोपीनाथभाऊ आले तेव्हा त्यांच्या दोन माणसांसमक्ष चाकं आधीच जाम होती. शिवाय पिन त्यांनी उपटली असती, तर वायरिंगला दोष न देता आधी पिनच दाखवली असती. राहिलं एकच माणूस. सव्वानऊला इथं एकटं होतं. आपली योजना तपासायला आलं, पिन जागेवरच दिसली, आणि चूक दुरुस्त केली."

"हा तर्क झाला," कश्मिरा शांतपणे म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही ओढली असेल."

"ओढली असेल. पण मग पिन कुठंय, डॉक्टर? ट्रेलर खरंच सुटला असता तर ती तारेला लटकत पिकअपच्या मागे असती. तिथं नाही. इथं वाळूतही नाही. उपटणाऱ्याला ती पिकअपला अडकवायची होती, पण पिकअप चौकीवर होती. आणि परत आली ती पोलिसांसकट."

अधिकारी एक पाऊल पुढे आला. "डॉक्टर, हाथ बाहर."

कश्मिराने हात बाहेर काढला. मूठ उघडली. तळव्यावर पिन होती, तिच्याभोवती गुंडाळलेली बारीक पोलादी तार. तळव्यावर तारेचे लाल वळ उठले होते.

"वलीला काही करू नका," ती म्हणाली. "तो माझ्या शब्दावर आला. रीमचा पाय मोडलाय. बरा होईल, पण शर्यत नाही. मालकाला लंगडी घोडी दारात नको, दुसऱ्याच्या दारातही नको. आज शेतावर न्यायची, उद्या मी इंजेक्शन द्यायचं. खड्डासुद्धा खणून ठेवलाय त्यांनी. तीनदा हात जोडले मी."

"घोडी कुठंय?"

"सनद गावात. ओळखीच्यांच्या बागेत."

मग ती मराठीत, फक्त संघप्रियाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही गप्प राहिला असता तर एक मुका जीव वाचला असता."

"आणि माझा भाऊ?"

"मला वाटलं, वायरिंगवर ढकलतील आणि विसरून जातील. माणसाचं नाव येईल असं नव्हतं वाटलं."

"नाव येतंच हो, डॉक्टर. वायरी काय आपण होऊन जोडल्या जातात? नाव नेहमी जोडणाऱ्याचंच येतं." तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "माझ्यापाशी यायचं होतंत. दोघी मिळून काही शोधलं असतं."

अधिकारी जीपमधल्या वायरलेसवर अरबीत बोलत होता. प्रबुद्धचं नाव दोनदा आलं. मग तो परतला. "तुझ्या भावाला सोडतायत. पासपोर्टचं मी स्वतः तुमच्या अरबाबशी बोलतो. या दोघांना घेऊन जातो. घोडी आज मालकाकडे जाईल."

"साहेब, एक विचारू?"

"आता काय राहिलं?"

"चोरीचा माल सापडला की कोर्टापुढे दाखवायला जपून ठेवतात ना? पुरावा म्हणून?"

"हो."

"मग ही घोडी पुरावा झाली. केस चालू असताना मालकानं पुरावा मारून टाकला, तर कोर्ट कुणाला विचारेल?"

कश्मिराने झटकन मान वर केली. गोपीनाथने तोंडावर हात धरला.

अधिकाऱ्याने टोपी काढून कपाळ पुसलं आणि शिपायाला हाक मारली.

"सनदला दोन माणसं पाठव. घोडी ताब्यात घ्या, पाय तपासून घ्या, नंबर टाका. केस संपेपर्यंत हात लावायचा नाही. मालकानंसुद्धा. मफी, अजिबात नाही."

"आणि केस किती दिवस चालेल, साहेब?" गोपीनाथने न राहवून विचारलं.

"इंशाल्ला," अधिकारी जीपमध्ये चढता चढता म्हणाला, "हमारे यहाँ जल्दी कुछ नहीं होता."