किडे गप्प झाले तेव्हा

पटत नसेल तर राहू द्या. पण हे माझ्या मामेबहिणीसोबत, अल्कासोबत, खरंच घडलं आहे.

दोन हजार तेवीसचा मे महिना. नागझिऱ्याला लागून असलेलं जंगल.

आणि रात्र नव्हे... भर दुपार.

अल्का सासूसोबत तेंदूपत्ता तोडायला गेली होती. सासूचं नाव कलाबाई. उन्हाळ्यात त्या जंगलात सिकाडा नावाचे किडे असे किर्र ओरडतात की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण खोडाला चिकटलेल्या या किड्याच्या जवळ कोणी गेलं, की तो लगेच गप्प होतो; हालचाल थांबली की पुन्हा सुरू.

कलाबाई नाल्यापलीकडे होती. अल्का मोहाच्या झाडाखाली बसून पानांचे पुडे बांधत होती.

समोरचं ऐनाचं झाड गप्प झालं.

मग अलीकडचा धावडा...

मग त्याच्याही अलीकडचा बीजा...

अस्वल असेल, म्हणून अल्का हळूच उठली. मोहाला पाठ लावून उभी राहिली. पण खाली वीतभर वाळला पाला होता. अस्वल आलं असतं तर तो वाजला असता.

एकही पान वाजलं नाही.

आणि तिच्या डोक्यावरचा मोह गप्प झाला...

समोर कोणीच नव्हतं.

मग नाल्याकडची झाडं एकेक करून गप्प होत गेली. कलाबाईच्या दिशेने.

अल्का पुडे टाकून धावत सुटली.

कलाबाई निवांत बसली होती. म्हणाली, "आत्ताच तं पाणी पिऊन गेली तू. पुन्हा कायले धावून राहिली?"

मी आलेच नव्हते, अल्काने सांगितलं. सासूने बाटली उलटी करून दाखवली. थेंब नव्हता. मग तिचाही चेहरा उतरला.

दोघी वाटेला लागल्या. माणूस पुढे गेलं की मागचे किडे पुन्हा ओरडू लागतात. त्या दिवशीही लागले.

पण दहा पावलं उशिरा...

जणू त्यांच्या मागून आणखी कोणी चालत होतं. पार डांबरी रस्त्यापर्यंत.

अल्का त्यानंतर जंगलात गेली नाही. कलाबाई मात्र यंदा पुन्हा जाऊ लागली. अल्काने तिचा हात धरून विचारलं, "आत्या, एकट्या काऊन जाता?"

म्हातारीने हात सोडवून घेतला.

"एकटी कुठं आहो मी?"

परवा फोनवर हे सांगताना अल्का फार हळू बोलत होती. तेंदूपत्त्याचा हंगाम संपून महिना झाला आहे.

म्हातारी अजूनही रोज दुपारी जाते...