मोकळी

त्या दुपारी मी धाकट्या बहिणीकडे निघाले, ती केवळ धुतलेल्या चादरी पोचवण्यासाठी. तिच्या बाळंतपणाला अजून थोडा अवकाश होता आणि तिच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र बिघडले होते. जाण्यामागे याहून मोठा हेतू नव्हता. बाहेर वारा सुटला होता. धूळ अशी उडत होती की रस्त्यापलीकडची दुकाने पुसट झाली होती. उजेड होता, पण त्याला भांडी विसळलेल्या पाण्याची कळा आली होती. हे मुद्दाम सांगते आहे. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असे आपण समजून चालतो आणि दिवसा निर्धास्त असतो.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहत असे. त्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे होती. एक तिचे, दुसरे रिकामे, बाहेरून कुलूप लावलेले. दार मावशीने उघडले. मावशी, म्हणजे आमच्या आईची बहीण, सोबतीसाठी येऊन राहिली होती.

"आलीस? बरं झालं. सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"आता तुला शुद्ध भाषेत कसं सांगू?"

मी भाषा शिकवते, शब्दांबाबत काटेकोर आहे, आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. आतून धाकटीचा आवाज आला, "ताई, 'वेदना' म्हणायचं नाही हं! वेदना कवितेत असतात. या कळा आहेत, कळा. ये, बघ, पोटात कशा..." आणि वाक्य अर्धवट ठेवून तिने खाटेची कड घट्ट धरली.

तिचा नवरा रंगारी. नखांत वाळलेला पांढरा रंग, अंगाला टर्पेंटाइनचा वास आणि स्वभाव गरीब. मेहुणे तिला धरून खोलीत फेऱ्या घालत होते. "सकाळपासून भांडायला सवड मिळाली नाही हिला," ते मला म्हणाले, "म्हणून हात पिरगाळून घेतेय माझा."

दवाखान्यात सकाळीच दूरध्वनी करून झाला होता. पहिलटकरीण आहे, कळा लांब लांब आहेत, तेव्हा घरीच थांबा, असे तिथल्या परिचारिकेने सांगितले होते. चालू द्या, खाऊ-पिऊ द्या, डोळा लागला तर झोपू द्या. मात्र कळा लागोपाठ येऊ लागल्या, पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळ हलेनासे झाले, तर तडक निघा. सल्ला रास्त होता. मी आजही त्याला नावे ठेवत नाही.

दुपार कलली, कळा मात्र जागच्या जागीच राहिल्या. येत, तिला पिळून काढत आणि काहीही न घडवता निघून जात. धाकटी दमली. आम्ही तिला कुशीवर निजवले. तिची खाट शेजारच्या बिऱ्हाडाच्या सामाईक भिंतीला लागून होती. मी उशाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला. दुसरा तळवा तिने गारव्यासाठी भिंतीला टेकवला होता.

पुढची कळ आली. तिची बोटे माझ्या बोटांत रुतली, ती कण्हली, मग बोटे सैल झाली. कण्हणे मात्र थांबले नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिले. ओठ मिटलेले होते.

"शेजारी कोणी राहायला आलंय का?" मी विचारले.

"छे!" मेहुणे म्हणाले. "आत्ताच तर रंगवून दिलंय मी ते. भाडेकरू मिळायचाय अजून. का?"

"कोणीतरी कण्हतंय."

"वारा असेल," मावशी म्हणाली. "गॅलरीच्या दारातून असाच घुमतो मेला."

वारा कसा घुमतो ते मला ठाऊक होते. वाऱ्याला मधे श्वास घ्यावा लागत नाही.

त्यानंतरची कळ मी लक्षपूर्वक पाहिली. ती धाकटीच्या मुठीत सुरू झाली. कपाळावर शीर उभी राहिली, श्वास वर चढला. आणि ऐन भरात, जिथे ती ओरडायची तिथेच, तिची मूठ उघडली. चेहरा नितळ झाला. उरलेली कळ भिंतीपलीकडे पुरी झाली. इकडे उचललेला स्वर तिकडे कोणीतरी नेमका तिथूनच पुढे नेला आणि शेवटास पोचवला. आवाज धाकटीचा नव्हता. जाडा, दमलेला, आणि कसा सांगू... उत्सुक. खोलीत एक वास पसरला, उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या कापडाचा. स्वयंपाकघरात चूल बंद होती.

मग इकडे कळ उठेनाशीच झाली.

"विसावा मिळालाय पोरीला," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "मधेच थांबतात अशा कधी कधी. माझ्याही थांबल्या होत्या. पडू दे तिला. शक्ती येईल अंगात."

मेहुण्यांनी सुस्कारा सोडला आणि ते चहा टाकायला गेले. मला मात्र बसवेना. मी खाली वाकले. "धाकटे, कसं वाटतंय?"

"छान वाटतंय, ताई." तिने डोळे उघडले नाहीत. भिंतीवरचा तळवा तसाच होता. "ती घेतेय ना."

"कोण?"

"मला काय माहीत? तिने विचारलं, मी हो म्हटलं."

"काय विचारलं तिने?"

"'मी घेऊ का?' ... एवढंच."

"आणि तू हो म्हणालीस?"

"तुला इतकं दुखत असतं आणि कोणी असं विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस, ताई?"

मी खाट भिंतीपासून ओढू लागले, तशी ती कळवळली. "नको ना! हलवू नको. आत्ता कुठे मी मोकळी झाले."

शब्दांची मला सवय आहे. ते मी हजारदा ऐकते आणि तपासते. परंतु त्या एका शब्दाशी माझे हात खाटेवरच थांबले. आपल्याकडे बाई मोकळी होते ती कळा थांबल्यावर नव्हे. मूल जन्मल्यावर ती मोकळी होते. अडलेली, गुंतलेली, दोन जिवांची बाई एका जिवाची होते, तेव्हा आपण तो शब्द उच्चारतो. आणि माझी बहीण, जिचे पोट अजून पांघरुणाखाली उंच होते, शांतपणे सांगत होती की ती मोकळी झाली.

"बाळ हलतंय का गं?" मी विचारले.

"बाळ?" तिने डोळे उघडले. एखादा अपरिचित, अवघड शब्द मी वापरावा आणि तिने त्याचा अर्थ विचारावा, तसे ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोणाचं बाळ?"

मी पांघरूण दूर केले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होते, पिंजलेल्या कापसासारखे. आदल्या आठवड्यात याच पोटावर हात ठेवला असता आतून सणसणीत लाथ बसली होती आणि आम्ही दोघी हसलो होतो. मी हात दाबून, श्वास रोखून वाट पाहिली. काही नाही. भिंतीपलीकडे मात्र कळा आता एकीवर एक येत होत्या.

मी खाटेजवळूनच दवाखान्याला दूरध्वनी लावला. सकाळचीच परिचारिका होती.

"कळा कशा आहेत आता?"

"थांबल्यात. ती अगदी शांत पडलीये. पण बाळ हलत नाहीये."

तिचा आवाज बदलला. "अहो, शांत काय म्हणता? मला इथे ऐकू येतंय. किती ओरडताहेत त्या!"

मी धाकटीकडे पाहिले. ती किंचित हसत छताकडे बघत होती.

"ती... ती नाहीये," मी म्हणाले.

"मग कोण आहे? हे बघा, कोणीही असो. बाळ हलत नसेल तर एक मिनिट घालवू नका. निघा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते."

मेहुणे चहाची कपबशी घेऊन दारात उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते.

"नको," धाकटी म्हणाली. "मी कुठेही येणार नाही."

"कळाच नाहीत तर नेऊन करायचं काय?" मावशी पुढे झाली. "नेलं की चिरलंच समज. उगाच धसका घेऊ नकोस, पोरी. तुला यातलं काय कळतंय?"

"ताई, मी शब्द दिलाय हिला," मेहुणे म्हणाले. "उगाच घाई करणार नाही म्हणून. हिची इच्छा नसताना कसं..."

"ही तिची इच्छा आहे, असं तुम्हाला वाटतं?" मी म्हणाले. "विचारा तिला, बाळ कोणाचं आहे ते. तुम्हीच विचारा."

ते खाटेशी गुडघ्यांवर बसले. "अगं... आपलं बाळ हलतंय ना?"

धाकटीने त्यांच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "ते तिकडचं आहे," ती म्हणाली.

त्यांच्या हातातली कपबशी पडून फुटली. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडचे कण्हणे पालटले. लांबलचक हुंकार संपले. त्याऐवजी श्वास कोंडून धरल्याची एक दाट शांतता, मग दात आवळून निघालेला घुसमटलेला आवाज, मग धाप. पुन्हा शांतता. पुन्हा तो आवाज. मला त्याचा अर्थ कळला नाही. मावशीला कळला. तीन बाळंतपणे स्वतः सोसलेली ती बाई, जी इतका वेळ वाऱ्याला बोल लावत होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"जोर करतेय ती..." मावशी पुटपुटली. मग ओरडली, "उचला! उचला पोरीला, जावईबापू, आधी उचला!"

आम्ही तिला खुर्चीवर बसवून उचलले. तळवा भिंतीपासून सुटेना. बर्फाला जीभ चिकटावी तसा तो चिकटला होता. मावशीने एकेक बोट सोडवले. धाकटी मला शिव्या देत होती, ज्या तिने आयुष्यात कधी उच्चारल्या नव्हत्या.

जिना गाठायला शेजारच्या दारावरूनच जावे लागे. कुलूप जागच्या जागी होते, त्यावर धूळ बसलेली. खुर्ची त्या दारासमोर आली आणि आतून, फळीला अगदी ओठ लावून बोलावे तसे, धापा टाकत कोणीतरी म्हणाले:

"थोडं थांबा ना... झालंच की माझं आता..."

अजिजी होती त्या स्वरात. आजही मला त्याचीच भीती वाटते. त्यात धमकी असती तर बरे झाले असते.

आम्ही थांबलो नाही. खालच्या मजल्याचे वळण घेतले आणि धाकटीने किंकाळी फोडली, तिच्या स्वतःच्या आवाजात. जेवढ्या कळा तिकडे गेल्या होत्या तेवढ्या जणू एकदम परतल्या. पायरीवर पाणी गेले. ते हिरवट होते, बाळ आत गुदमरल्याची खूण. "ताई, माझं बाळ!" ती ओरडली. 'माझं' हा शब्द इतका सुंदर आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मेहुण्यांच्या टेम्पोत रंगाचे डबे बाजूला सारून आम्ही तिला निजवले. दवाखान्याच्या दारात परिचारिका उभीच होती. बाळाचे ठोके लागले, पण मंद, फार मंद. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले, "वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. आत्ता काढायला हवं." कोणी वाद घातला नाही. मावशीनेच धाकटीच्या केसांवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "जा बाळा. काढू दे त्यांना. मी आहे इथे."

दार बंद झाले. मेहुणे नखांतला रंग कोरत बसले, इतका, की नखाखालून रक्त आले. नंतर दाराआडून एक बारीक, चिडका टाहो ऐकू आला आणि आम्ही तिघेही, एकमेकांना धरून, वेड्यासारखे हसलो. मुलगी झाली होती. दोघीही सुखरूप होत्या.

मला वाटले, संपले.

काही वेळाने डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावले. त्या हात धुऊन आल्या होत्या, तरी पुन्हा धूत होत्या.

"घरी कोणी काही केलं होतं का?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारले.

"काही म्हणजे?"

"मला माहीत आहे की ते शक्य नाही. तरीही विचारते." त्यांनी नळ बंद केला. "नाळेला गाठ पडलेली मी पाहिलीये. बाळ फिरतं, पडते एखादीला. पण हे तसं नाही."

त्यांनी टेबलावरचे स्टीलचे तबक माझ्यापुढे सरकवले. त्यात पांढऱ्या सुताचा एक धागा होता.

"बाळ झाल्यावर नाळ बांधतात ना, त्या जागी होता. पोटाच्या आत. पिशवीच्या आत." त्यांचा आवाज खाली गेला. "गाठ नीट घातलेली होती. सराईत हाताने. फक्त पुरती आवळलेली नव्हती. अजून थोडं थांबला असतात, तर..."

परिचारिका दाराशी उभी होती. तिने मान फिरवली.

मी तो धागा चिमटीत उचलला. का, ते सांगता येणार नाही. कदाचित हाताला लागल्याशिवाय तो खरा वाटला नसता. डॉक्टरीणबाई मला थांबवायला पुढे झाल्या आणि मधेच थबकल्या, कारण माझ्या बोटांना जे कळले होते, ते त्यांना अगोदरच ठाऊक होते.

रक्तापाण्यातून नुकताच काढलेला तो धागा कोरडा होता.