उसना विस्तव

उकंडराव हे हेमसिंगकाकांचे शिक्षकी पेशातले स्नेही. त्यांच्यावर गुदरलेला प्रसंग काकांनी केनवडच्या आमच्या अंगणात, जेवणे उरकल्यावर, आम्हा चौघा मुलांना सांगितला. मी नागपूरहून परीक्षा देऊन आले होते. तारीख आणि साक्षीदार विचारल्याखेरीज काही मान्य करायचे नाही, असा माझा परिपाठ होता. काकांनी तारीख न विचारताच दिली. सन १९३४, भाद्रपद वद्य चतुर्थी, गुरुवार.

पैनगंगेच्या दोन धारांमध्ये वीसएक घरांचे एक बेट होते. तिथल्या नव्या शाळेवर उकंडरावांची बदली झाली. पत्नी प्रयागबाई आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन ते दुपारी डोंग्यात बसले. काठाला लागताना डोंगा कलंडला. माणसे वाचली, पण मुलगी, अंथरूण आणि काड्यापेटी, सगळेच भिजले. शाळेलगतच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती, तो पलीकडच्या गावी गेलेला. कोणी म्हणे थांबा, कोणी म्हणे उद्या या. उद्या कुठून यायचे? नदीतून? अखेर उकंडरावांनी दगडाने कुलूप फोडले. तोवर दिवेलागण होऊन गेली होती आणि मुलीचे ओठ निळे पडू लागले होते.

ते विस्तव मागायला शेजारच्या रंगूबाईंच्या दारात गेले.

“मावशी, चुलीतला जरा इस्तो द्या.”

“दिवा लागला नं मास्तर. आता घरातला इस्तो बाहेर जात नाई.”

“काहून?”

“नाई जात. त्यात पितरांचे दिवस हायेत.”

“माह्यं लेकरू गारठून राह्यलं, बाई!”

“मंग लेकराले इकडं आना. बाईलेबी आना. रातभर बसा चुलीपाशी. कोन नाई म्हनते?”

पुढच्या घरी जानरावांनी तेच उत्तर दिले आणि वर विचारले, “दिवसा काय करून राह्यले होते मास्तर?”

“तुमच्या गावाची किल्ली शोधून राह्यलो होतो!”

जानराव हसले. “मंग उद्या इस्तोबी शोधजा. आज आमच्याकडं या जेवाले.”

दार कोणीच बंद केले नव्हते, हे काकांनी दोनदा बजावले. माणसाने विस्तवापाशी यावे, विस्तव माणसामागे जाऊ नये, एवढाच त्या बेटाचा नेम होता. परंतु उकंडरावांनी दुपारपासून प्रत्येक गोष्टीसाठी हात पसरले होते. आता ऊबही दुसऱ्याच्या ओसरीवर बसून घ्यायची? ते संतापाने चालत राहिले.

शेवटच्या घराच्याही पुढे, नदीच्या उतारावर, उघड्यावर एक चूल पेटलेली दिसली. पाठमोरी एक बाई बसली होती. त्यांनी विस्तव मागितला. तिने मान वळवली नाही. निखाऱ्यांनी भरलेले खापर तेवढे मागे सरकवले.

“चला, एक तरी शहानं मानूस निघालं या बेटावर,” उकंडराव पुटपुटले आणि धावतच घरी आले.

लाकडे ओली होती, तरी पटकन पेटली. खोली उजळली. प्रयागबाईंनी पातेल्यात आधण ठेवले आणि मुलीला चुलीशी धरले. बराच वेळ गेला. मुलीचे दात वाजणे थांबेना. आधणाला बुडबुडा येईना.

“अहो…”

“काय?”

“याले… ऊब नाई.”

“ओल्या लाकडांना धग कमीच असते,” मी मध्येच म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिले. “पेटत्या जायात हात घातला होता त्यानं, पोरी. मनगटापर्यंत.”



हात भाजला नाही. गार पडला. जाळ वाढतच होता. आवाज नव्हता. तडतड नाही. धूर नाही. मुलीचे दात वाजायचे थांबले… प्रयागबाईंनी तिला हाक मारली. पुन्हा मारली.

मुलगी…

उकंडरावांनी तिला उचलले आणि ते पळाले. मागे प्रयागबाई. रंगूबाईंचे दार उघडेच होते. त्यांनी मुलीचे ओले कपडे उतरवले, तिला पोटाशी घेतले, वरून गोधडी घेतली आणि त्या चुलीला चिकटून बसल्या.

पहाटे मुलगी रडली. उकंडरावही रडले. सगळा दिवस जो हट्ट त्यांनी ताठ मानेने वागवला होता, तो रंगूबाईंच्या पायांवर उतरला.

“उठा मास्तर,” रंगूबाई म्हणाल्या. “चहा घ्या आधी. पाया पडाले मी काय देवी हाओ?”

उजाडल्यावर ते आणि जानराव खोलीवर गेले. चुलीतली लाकडे होती तशीच होती. ओली, कुठेही काळवंडलेली नाहीत. राख नव्हती. खापर नव्हते. नवरा-बायकोची भांडी पेटाऱ्यात बांधलेलीच होती. बाहेर होते ते आधणाचे पातेले, आणि रात्री पाण्याने भरलेले ते आता रिकामे होते.

चुलीसमोर मात्र काशाचे एक ताट होते. ते कोणाचे, हे बेटावरच्या एकाही घराला ओळखता आले नाही. कडेला चार शिते चिकटलेली. कोणीतरी जेवून ताटातच हात धुतला होता.

जानरावांनी त्या पाण्याला बोट लावले.

ते अजून कोमट होते.